सोमवारी बेल तोडू नये

बेल शंकराला वाहायचा तो मुख्यतः सोमवारी, आणि धर्मशास्त्र सांगतं की सोमवारी बेल तोडू नये. चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या आणि संक्रांत हेही दिवस वर्ज्य. म्हणजे पानांना सर्वांत जास्त मागणी ज्या दिवशी, त्याच दिवशी झाडाला सुट्टी. मग पूजा अडायची का? अजिबात नाही. पानं आदल्या दिवशी काढून ठेवावीत. तीही पुरली नाहीत तर काल वाहिलेलं पान धुऊन पुन्हा वाहावं, बेल शिळा होत नाही, अशी सोय त्याच शास्त्राने करून ठेवली आहे. तुळशीचंही तसंच. द्वादशीला खुडू नये, सूर्य मावळल्यावर हात लावू नये, नखाने तोडू नये, आंघोळीवाचून जवळ जाऊ नये.

श्रावणी सोमवारी पहाटे फुलबाजारात बेलाच्या जुड्यांचे ढीग लागतात आणि त्या कुठल्या वारी तोडल्या हे कोणी विचारत नाही. नियम पोथीत राहिला, जुडी तबकात आली. पण मुळात असा नियम करावासा का वाटला, हा प्रश्न उरतोच. झाड देवासाठी आहे, तर ते देवाच्याच दिवशी देवापासून का राखायचं?

हा प्रश्न घेऊन हिंडायला म्हैसूरचं सरस्वतीपुरम ही बरी जागा आहे. क्रमांकाच्या रस्त्यांची ही जुनी वस्ती. शेजारी कुक्करहळ्ळीचा तलाव, मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी १८६४ साली बांधवलेला, आणि त्याला लागून मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा झाडीभरला परिसर. वस्तीच्या एका भागाचं नाव अजून तेंगिनतोपु आहे, म्हणजे नारळीची बाग. घरं उभी राहिली, नाव टिकलं. याच वस्तीत उडुपीच्या पेजावर मठाचं कृष्णधाम आहे. मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात उडुपीला कृष्ण आणला तेव्हापासून माध्वांची पूजा तुळशीवाचून होत नाही. लक्षतुळशी-अर्चनेला तर एका बैठकीत लाख दळं लागतात. एवढी तुळस लावायची, पाणी घालायची, कीड निवडायची, म्हणजे वर्षभराची शेतीच. आणि एवढं करूनही द्वादशीला तिला हात लावायचा नाही.

देवळाच्या आवारातल्या झाडाशी माणसाचं नातं असं दुपेडी असतं. एक पेड निगेचा: लावणं, शिंपणं, आळं करणं, छाटणं, फुलं काढणं. दुसरा पेड हात आवरण्याचा: इथे तोडायचं नाही, आज तोडायचं नाही, विचारल्यावाचून तोडायचं नाही. झाड पवित्र ठरतं ते यातल्या कुठल्या पेडामुळे? वरवर पाहता दोन्हींमुळे. पण दोन्ही सुटे करून पाहिले की वेगळंच काही दिसू लागतं.

निगेची कमाल पाहायची तर सरस्वतीपुरमहून शहर ओलांडून नंजनगूड रस्त्याला लागावं. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी अवधूत दत्तपीठाचा आश्रम आहे. गणपती सच्चिदानंद स्वामींनी तो १९६६ साली स्थापन केला. म्हैसूर पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाची पावलं राजवाडा, चामुंडी, वृंदावन उद्यान यांनंतर इकडे वळतात, कारण देव ओळखीचा आहे. दत्त म्हटलं की मराठी मनात आधी झाड येतं. नरसोबाची वाडी, भिलवडीजवळचं औदुंबर, भीमाकाठचं गाणगापूर, तिन्ही ठिकाणी गुरूंच्या पादुका आणि औदुंबर. नृसिंहाच्या नखांना हिरण्यकशिपूचं विष लागून दाह सुरू झाला, तो औदुंबराच्या फळांत नखं रोवल्यावर शमला, ही गुरुचरित्रातली कथा घरोघर ठाऊक आहे.

या आश्रमात किष्किंधा मूलिका बोन्साय उद्यान आहे. शेकडो बोन्साय, प्रत्येक आपापल्या उथळ तबकात, नावाची पाटी घेऊन. डिसेंबर २०१६ मध्ये इथल्या प्रदर्शनात २,६४९ बोन्साय एकत्र मांडले गेले आणि गिनीज बुकात नोंद झाली. वड, पिंपळ, औदुंबर ही एकाच कुळातली झाडं या कलेला फार सोयीची. पाऊलभर जागेतही ती तग धरतात, बुंधा पिळदार करतात, वड तर पारंब्याही सोडतो. फांदीला तार गुंडाळून वळण द्यायचं, ठरावीक काळाने झाड उपटून मुळं छाटायची, पुन्हा बसवायचं. ज्या वडाखाली एरवी गावाची जत्रा मावते तो वड कमरेएवढ्या ओट्यावर ठेवलेला पाहून आलेल्यांत दोन तट पडतात. एकाला ते तप वाटतं, दुसऱ्याला छळ.

दुसऱ्या तटाचं म्हणणं सोपं आहे: देवाचं झाड माणसाने आपल्या मापाचं केलं. पण पहिल्या तटाचं म्हणणंही हलक्यात काढता येत नाही. उन्हाळ्यात दोन-चार दिवस पाणी चुकलं तर बोन्साय मरतं. रानातला वड कोणावाचून जगतो. तबकातला वड रोजच्या रोज कोणीतरी जगवावा लागतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. यामाकी घराण्याने तो १६२५ पासून पिढ्यान्‌पिढ्या घडवला, हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो त्या शहरात होता आणि वाचला, आणि १९७६ साली घराण्याने तो अमेरिकेला देऊन टाकला. साडेतीनशे वर्षं एका झाडाला पाणी घालणाऱ्या हातांना नुसतं हौशी म्हणता येणार नाही.

निगा हीच भक्ती, असं मानणारी परंपरा मराठीत तर भक्कम आहे. अरणचे सावता माळी पंढरीला गेले नाहीत. मळा हेच त्यांचं देऊळ. गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातला कुष्ठरोगी नरहरी वाळलेलं औदुंबराचं लाकूड संगमावर रोवतो आणि गुरूंनी सांगितलं म्हणून त्याला पाणी घालत राहतो. लोक हसतात, समजावतात, तरी हा घालतोच. लाकडाला पालवी फुटते आणि त्याची कायाही उजळते. कथेचा जीव त्या पालवीत कमी आणि हसणाऱ्यांसमोर घातलेल्या पाण्यात जास्त आहे.

मग निगा पुरेशी आहे का? इथे म्हैसूरच्या रस्त्यावर पुन्हा यावं लागतं.

या शहराच्या जुन्या वस्त्यांत चौकाचौकात अश्वत्थकट्टे आहेत. आपल्याकडचा पार तो तिकडचा कट्टा. त्यावर पिंपळ आणि कडुनिंब अंगाला अंग लावून उभे असतात, बुडाशी नागशिळांची रांग. पिंपळ हा नवरा, निंब ही नवरी, आणि त्यांचं रीतसर लग्न लावलेलं असतं. लग्नाआधी पिंपळाची मुंज करण्याची चालही जुनी आहे. अश्वत्थाच्या उपनयनाचा विधी निबंधग्रंथांत आहे आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची दखल घेतली आहे. मराठी मुलखात पिंपळावर बसणारा मुंजा हा सोडमुंजीआधीच गेलेला बटू. त्याची भीती असते, आणि त्या भीतीने किती पिंपळ कुऱ्हाडीपासून वाचले याची मोजदाद कोणी केलेली नाही.

मुद्दा असा, की कट्ट्यावरच्या पिंपळाची रोजची निगा कोणाचीच नसते. त्याला पाणी घालणारा माळी नाही, तो वाढतो आपला. त्याच्यासाठी समाजाने एवढंच केलंय की त्याला माणसांच्या नात्यात घेतलंय. मुंज झालेल्याला, लग्न लागलेल्याला उगाच कसं तोडणार? एप्रिल २०२५ मध्ये म्हैसूरच्या हैदर अली रोडवर रस्ता रुंद करण्यासाठी चाळीसच्या आसपास मोठी झाडं तोडली गेली आणि शहरात निषेधाची लाट उठली. त्या झाडांची सावली कमी नव्हती, वयही कमी नव्हतं. पण त्यांची मुंज झाली नव्हती. रस्त्याकडेच्या झाडासाठी कायदा आहे, कर्नाटकात १९७६ चा आणि महाराष्ट्रातल्या शहरांसाठी १९७५ चा. पण कायद्यात परवानगीचा अर्ज असतो, आणि अर्ज मंजूर होऊ शकतो. मुंज्याकडे अर्ज करायची सोय नाही.

यावर कोणी म्हणेल, देशी झाडं ती पवित्र, साहेबाने आणलेली ती अपवित्र, इतकं साधं आहे हे. इतकं साधं ते नाही. म्हैसूर संस्थानच्या बागा आणि रस्ते ज्याने सजवले तो गुस्टाफ हेर्मान क्रुम्बिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली लंडनच्या क्यू उद्यानातून आला तो मराठी राजाच्या पदरी, बडोद्यात सयाजीराव गायकवाडांकडे. पंधरा वर्षांनी तो म्हैसूरकरांकडे गेला आणि १९५६ साली मरेपर्यंत या मुलखातच राहिला. त्याच्या पिढीने परदेशी फुलझाडांना इथे रस्ते दिले. पण त्याच्याही आधी आलेली कितीतरी झाडं थेट देवळात शिरली होती. देवचाफा मध्य अमेरिकेतला. दसऱ्याला दारावर लागतो तो झेंडू मेक्सिकोचा. शिवमंदिराच्या आवारात हमखास दिसणारा कैलासपती, कन्नडमध्ये नागलिंग, हा दक्षिण अमेरिकेच्या गयानाकडचा. त्याच्या फुलात मधोमध पिंडीसारखा उंचवटा आणि त्यावर फणा धरल्यासारखे केसर; भक्तांनी ते पाहिलं आणि त्याचा मूळ देश विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. समुद्रापलीकडून आलेली ही मंडळी आज निवासी दाखल्यावाचून देवाजवळ आहेत. झाडाची जात पाहून पावित्र्य ठरत असतं, तर हे झालं नसतं. ते माणसं देतात, आणि माणसंच काढून घेऊ शकतात.

पण मग झाडाचं स्वतःचं असं काही आहे की नाही? त्याला जीव आहे म्हणून त्याला तोडू नये, असं का नाही म्हणायचं? आपल्या दार्शनिकांनी यावर पुष्कळ डोकं चालवलं आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो: या मोठ्या झाडाच्या मुळावर घाव घातला तरी ते जिवंत राहून रस गाळेल, मध्यावर घातला तरी, शेंड्यावर घातला तरी, मात्र जीव ज्या फांदीतून निघून जातो ती फांदी वाळते, आणि सगळ्या झाडातून गेला की सगळं झाड वाळतं. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज शंका घेतो की झाडं ना पाहतात ना ऐकतात, ती पंचमहाभूतांची कशी? भृगू एकेक पुरावा मांडतो. उन्हाने पान कोमेजतं म्हणजे स्पर्श आहे, वेल वाट शोधत चढते म्हणजे दृष्टी आहे, धूप दिल्याने झाड निरोगी होतं म्हणजे गंध आहे. मनुस्मृतीही झाडांना आतल्या आत सुखदुःख असतं असं म्हणते. वैशेषिकांमध्ये मात्र फाटाफूट आहे. प्रशस्तपादाने झाडांना माती-दगडांच्या रांगेत, पृथ्वीच्या ‘विषयां’त बसवलं. पुढे उदयनाने आग्रह धरला की नाही, झाड हेही जिवाचं शरीरच आहे.

सर्वांत बारकाईने विचार केला तो जैनांनी. वडाची फांदी रोवली की दुसरा वड उभा राहतो. मग जीव दोन झाले का? मूळ जीव चिरला गेला का? उद्दालकाच्या दाखल्यापुढे हा प्रश्न उभा राहतो. जैन शास्त्रकारांनी वनस्पतींचे दोन वर्ग केले, एका शरीरात एक जीव असलेल्या ‘प्रत्येक’ आणि एका शरीरात अनंत जीव असलेल्या ‘साधारण’. कंदमुळं दुसऱ्या वर्गात. म्हणून शेजारच्या जैन घरात बटाटा शिजत नाही. तर्क काटेकोर आहे. पण तो मान्य केला की भाजी चिरणंही अवघड होऊन बसतं, आणि मग साधूसाठी एक व्रत, गृहस्थासाठी दुसरं, अशी पायरी पाडावी लागते.

या सगळ्या गुंत्यातून सर्वांत चतुर वाट विनयपिटकात सापडते. आळवीचे भिक्षू बांधकामासाठी झाडं तोडू लागले. एका झाडावरच्या देवतेची तक्रार बुद्धापर्यंत पोहोचली, आणि लोकही कुरकुरू लागले. बुद्धाने भिक्षूंना फटकारलं आणि झाड तोडणं हा दोष ठरवला. कारण काय दिलं? झाडाला जीव असतोच, असं तो म्हणाला नाही. लोक झाडात जीव मानतात, एवढंच म्हणाला. झाडाच्या आत्म्याचा निकाल लागेपर्यंत कुऱ्हाड चालू ठेवण्याची मुभा त्याने दिली नाही. नियमाचा पाया त्याने झाडात शोधलाच नाही. तो शेजाऱ्यांच्या भावनेत आणि भिक्षूच्या हातात शोधला.

हात आवरण्याची कमाल म्हैसूरपासून दोन-अडीच तासांवर उभी आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराकडे मराठी माणूस जातो तो बहुधा त्याच्या पायाशी कोरलेला मराठी लेख पाहायला. शाळेच्या पुस्तकात वाचलेला तो लेख डोळ्यांनी पाहण्याचं कौतुक मोठं. लेख पाहून झाला की नजर वर न्यावी. दहाव्या शतकाच्या अखेरीस चामुंडरायाने करवून घेतलेल्या त्या अठ्ठावन्न फुटी बाहुबलीच्या मांड्यांवरून, दंडांवरून वेल चढलेली आहे. तो इतका काळ निश्चल उभा राहिला की वेलींना तो झाडच वाटला. पायाशी वारुळं झाली. इथे माणसाने वनस्पतीची काहीही निगा राखलेली नाही. फक्त हललेला नाही. वेलीला आधार मिळाला तो तिच्या वाटेतून बाजूला न झालेल्या अंगाचा.

ही मूर्ती नुसतं स्तोत्र म्हणून पाहिली तर संयमाची बाजू जिंकली असं वाटेल. कथा मात्र पुढे जाते. श्वेतांबर परंपरेत सांगतात की एवढं तप करूनही बाहुबलीला केवलज्ञान होईना, कारण आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावं लागेल ही सल मनात होती. बहिणी ब्राह्मी आणि सुंदरी आल्या आणि म्हणाल्या, दादा, हत्तीवरून खाली उतर. हत्ती म्हणजे त्याचा अभिमान. म्हणजे वेल अंगावर चढू देणाराही आतून ताठ असू शकतो. न तोडण्याचाही गर्व होतो.

हात आवरण्याची हीच रीत देवरायांत सामाजिक पातळीवर दिसते. मावळात, कोकणात, सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर देवरायांत काठीला हात लावायचा नाही, काही ठिकाणी पडलेलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही, असा दंडक. माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवराया पायी हिंडून नोंदवल्या. १९७६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध आजही या विषयाचा आरंभबिंदू मानला जातो. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या देवराईत गारंबीची एक अवाढव्य वेल होती. तिची साल गुरांच्या औषधाला लागे. रान तुटू नये म्हणून गावकऱ्यांनी या अभ्यासकांकडेच धाव घेतली. देव राखतो म्हणून बाकीचं रान गेलं तरी ही वेल राहिली, आणि गरज पडली तेव्हा तिची साल मिळाली.

म्हणजे देवराईतही हात पूर्ण बांधलेला नसतो. कोकणात देवाला कौल लावायची रीत आहे. देऊळ दुरुस्त करायचंय, कोणाचं घर जळालंय, तर गुरव देवाला विचारतो, कळ्या किंवा तांदूळ लावतो, आणि उजवी मिळाली तर झाड तुटतं. डावी पडली तर परत यायचं. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण त्यात एक गोष्ट पक्की आहे: झाड तोडण्याची इच्छा आणि झाड तोडणं यांच्यामध्ये गावादेखत थांबायची एक जागा. सोमवारच्या बेलाने जे घरात केलं, ते कौलाने गावात केलं.

ही जागा बुजली की रान किती लवकर ओसरतं याचा हिशेब म्हैसूरच्या शेजारच्या कोडगूत आहे. तिथल्या देवरकाडूंचं, म्हणजे देवरायांचं, क्षेत्र १९०५ साली सुमारे ६,२७७ हेक्टर होतं. १९८५ पर्यंत ते २,५५० हेक्टरांच्या आसपास आलं. नोंदीत बाराशेहून अधिक देवरकाडू आहेत, पण पुष्कळ ठिकाणी रान आक्रसून कॉफीच्या मळ्यांमधलं बेट झालं आहे. महाराष्ट्रातली तऱ्हा थोडी वेगळी. इथे देवराईचा मोठा शत्रू कधी कधी श्रद्धाच असते. गावातले मुंबईकर वर्गणी काढतात, उघड्यावरच्या तांदळ्यावर सिमेंटचं देऊळ उठतं, त्यापुढे सभामंडप, त्यापुढे गाड्यांसाठी फरसबंदी. देवाची निगा वाढते आणि राई तेवढीच मागे सरते. जुन्या देवाला आभाळ पुरत होतं. नव्याला स्लॅब लागतो.

पाराचंही तेच. वडाला सूत गुंडाळणं हे त्याच्याभोवती फेरा धरणं होतं; त्यासाठी वडाकडे चालत जावं लागे. शहरात वड दूर गेला, तेव्हा वटपौर्णिमेला वडाच्या फांद्याच तोडून बाजारात येऊ लागल्या आणि दिवाणखान्यात कुंडीत खोचून पूजा होऊ लागली. दीर्घायुष्याचं मागणं तुटलेल्या फांदीकडे. दसऱ्याला आपट्याचं सोनं लुटताना कित्येक झाडं ओरबाडली जातात, आणि आपटा मिळाला नाही तर कांचनाची पानं सोनं म्हणून खपतात. म्हैसूरच्या दसऱ्यात बन्नी म्हणजे शमी असते. राजवाड्याच्या आवारातल्या भुवनेश्वरी मंदिराशी वडेयर घराण्याचे वारस तिची पूजा करतात, आणि जंबूसवारीची मिरवणूकही बन्निमंटपावर जाऊन थांबते. राजा झाडापर्यंत चालत जातो. झाड राजाकडे आणलं जात नाही.

चालत जाण्यातही हातून नुकसान होतंच. पिंपळाच्या बुंध्यावर तेल सांडतं, दिव्यांनी साल करपते, खिळे ठोकून फोटो टांगले जातात, पार चकचकीत ग्रॅनाइटचा होतो आणि मुळांना श्वास घ्यायला माती उरत नाही. दिल्लीतल्या झाडांबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली बुंध्याभोवतीचा मीटरभर घेर सिमेंटमुक्त ठेवायला सांगितलं. देवळाच्या विश्वस्तांना तो आदेश कागदावर कळतो, पण देणगीदाराने स्वतःच्या आईच्या नावाची फरशी आणून दिलेली असते. आता तर नक्षत्रवनं आणि राशिवनं निघाली आहेत. आपलं नक्षत्र शोधायचं, त्याच्या झाडाला पाणी घालायचं, ग्रहपीडा टळते. झाडं वाढतात हे खरंच, आणि त्यासाठी कोणाची थट्टा करण्याचं कारण नाही. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, अशी पाटी मात्र खरी नाही; उजेडावाचून कुठलंच पान ऑक्सिजन तयार करत नाही. ग्रहशांतीसाठी असो वा प्राणवायूसाठी, झाड माझ्या काय कामाचं, एवढंच विचारलं गेलं की त्याच्या पूजेत आणि बोन्सायच्या तबकात फारसं अंतर राहत नाही. तबकातल्या झाडाचा माळी निदान रोज हजर असतो.

या दोन पेडांचा पीळ कसा घालायचा, याचा एक जुना दाखला आळंदीला आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीशेजारी अजानवृक्ष आहे. वारकऱ्यांच्या लेखी त्या झाडाची थोरवी एवढी की त्याच्या सावलीत बसून ज्ञानेश्वरीचं पारायण करणं हे भाग्य समजतात. परंपरा सांगते की सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांना स्वप्नात दृष्टांत झाला: अजानवृक्षाची मुळी ज्ञानोबांच्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला आले, समाधीचा शोध घेतला, आत गेले आणि मुळी बाजूला केली. पवित्र झाड, पवित्र समाधी, आणि एकाची मुळी दुसऱ्याच्या गळ्याला. हात लावायचा नाही, हा नियम तिथे पुरला नसता. झाडच उपटून टाकावं, असंही नाथांच्या मनात आलं नाही. काढायची ती तेवढीच मुळी काढली. वृक्ष आजही पूजला जातो.

परतल्यावर नाथांनी जे केलं त्याला नक्की साल आहे. शके १५०६, म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या ठिकठिकाणच्या हस्तलिखितांत शिरलेले पाठभेद निवडून शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांनी ग्रंथात बरंच काही वाढवलं होतं. नाथांनी ते शोधून बाजूला काढलं. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी पुढच्यांना ताकीदही दिली की यात कोणी आपली ओवी घालू नये. ज्या नाथांनी रामायण, भागवत यांवर हजारो ओव्या रचल्या, ते या एका ग्रंथात स्वतःची ओवी न घालता बाजूला झाले.